नकाशा ॲपच्या डिफॉल्ट सेटिंगचे काम : नोंदवही, मे ते ऑगस्ट २०२५

१२ मे २०२५, सोमवार

पुढचे तीन महिने ॲपमध्ये नवे काहीही घालायचे नाही, जे आहे त्याच्या डिफॉल्ट सेटिंग (वापरणाऱ्याने काही न निवडता आपोआप लागू असतात त्या) एकेक करून तपासायच्या, असे आज आम्ही तिघांनी ठरवले. आमचे ॲप ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या नकाशावर चालते आणि नकाशा एकदा फोनमध्ये उतरवला की इंटरनेटशिवाय रस्ता दाखवते. त्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्राम, परदेशात लिहिलेली आणि मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही घेऊन बदलता येणारी, आहे. गेल्या वर्षी ती घेऊन आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा, धामणगाव रेल्वे आणि वर्धा नदीपलीकडच्या आर्वी तालुक्यांतल्या लोकांसाठी मराठीत आणली. मराठीत आणली म्हणजे पडद्यावरचे शब्द बदलले. त्या शब्दांमागचे निर्णय मात्र जसेच्या तसे राहिले, हे गेल्या आठवड्यात लक्षात आले.

गावच्या दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर बसून मी ॲप वापरणाऱ्या पाच जणांचे फोन त्यांना विचारून पाहिले. आमच्या सेटिंगच्या पडद्यावर एकूण ४३ गोष्टी आहेत. पाचांपैकी एकानेही तो पडदा उघडलेला नव्हता आणि दोघांना असा काही पडदा आहे हेच माहीत नव्हते. यात त्यांची काहीही चूक नाही. घरी पाहुणा आला की त्याला पाटावर बसवून ताट वाढतात, स्वयंपाकघरात जाऊन डबे हुडकायला सांगत नाहीत. मूळ लेखकाने चारचाकी, वायफाय आणि इंग्रजी गृहीत धरले, कारण त्याच्या भोवती तेच होते. त्याच्या गावासाठी ते बरोबरच असेल. आमच्या गावासाठी ते गृहीतक कोणी तपासलेच नव्हते, आणि ते आमचे काम होते.

प्रत्येक सेटिंगपुढे एकच प्रश्न लिहायचा ठरले : ही कधीच कोणी बदलली नाही, तर आमच्या कुऱ्हा गावाहून निघालेला माणूस कुठे पोहोचेल?

१४ मे, बुधवार

भाषेपासून सुरुवात केली. ॲप फोनची भाषा उचलते, आणि इथल्या बहुतेक फोनची भाषा इंग्रजी असते, कारण दुकानात सिम टाकून देताना दुकानदाराने जी ठेवली तीच पुढे राहते. त्यामुळे घरात, शेतात, बाजारात मराठीच बोलणाऱ्या माणसाला आमचे ॲप इंग्रजीत वळण सांगत होते, आणि गावांची नावे तर इंग्रजी उच्चारात अशी काही बोलत होते की तिवसा हे तिवसा आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये. दुसरी अडचण नकाशातली आहे. भारतातल्या गावांचे मुख्य नाव ओपनस्ट्रीटमॅपवर साधारणपणे रोमन लिपीत नोंदवण्याचा प्रघात आहे आणि मराठी नाव वेगळ्या रकान्यात लिहावे लागते. तो रकाना रिकामा असेल तर ॲपची भाषा मराठी करूनही काही साधत नाही.

पहिल्या भागाचा निर्णय असा झाला की ॲप प्रथम उघडताना फक्त एक प्रश्न विचारायचा, ‘रस्ता कोणत्या भाषेत सांगू?’, आणि त्याखाली मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन मोठी बटणे द्यायची. अमरावतीच्या सहकाऱ्याचे म्हणणे होते की वाहन, नकाशा आणि आवाज हेही तिथेच विचारून घ्यावे. मी त्याला विरोध केला. पहिल्याच पडद्यावर चार प्रश्न आले की माणूस वाचत नाही, खालचे बटण दाबत सुटतो. मग विचारले काय आणि न विचारले काय, सारखेच. दुसरा भाग आर्वीच्या सहकारिणीने अंगावर घेतला आहे. एसटीच्या थांब्यांवरचे आणि ग्रामपंचायतींचे फलक प्रत्यक्ष पाहून ती मराठी नावे भरणार आहे. दुसऱ्या कोणाच्या नकाशातून नावे उतरवून घेणे ओपनस्ट्रीटमॅपच्या नियमात बसत नाही, त्यामुळे हे काम फिरूनच होईल आणि त्याला वेळ लागेल.

१९ मे, सोमवार

वाहन. आतापर्यंत डिफॉल्ट ‘कार’ होते. धामणगाव रेल्वेहून वर्ध्याला जाण्याचा मार्ग मागितला, तर ॲपने थेट समृद्धी महामार्गावर नेले. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला तेव्हापासून त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि नकाशात तशी नोंदही व्यवस्थित आहे. परंतु वाहन कार समजले गेल्यामुळे ॲपला ती नोंद वाचण्याचे कारणच पडले नाही. दुचाकीवाला इंटरचेंजपर्यंत, म्हणजे महामार्गावर चढण्याच्या जागेपर्यंत, जाणार, तिथून परत फिरवला जाणार आणि पुन्हा पुलगावचा रस्ता धरणार. एवढे पेट्रोल आणि एवढे ऊन त्याने एका न बदललेल्या सेटिंगसाठी सोसायचे.

डिफॉल्ट आता ‘दुचाकी’. या भागात ॲप उघडणारा माणूस बहुधा दुचाकीवर असतो, आणि चूक झालीच तर कोणत्या बाजूला व्हावी हेही पाहायला हवे. कारवाल्याला चुकून दुचाकीचा मार्ग मिळाला तर तो थोडा उशिरा पोहोचेल; दुचाकीवाल्याला कारचा मार्ग मिळाला तर तो बंदी असलेल्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहील. वाहनाचे चित्र मुख्य पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात कायम दिसेल आणि एका बोटाने बदलता येईल, असेही केले.

२३ मे, शुक्रवार

नकाशा उतरवण्याची सेटिंग पाहून फार वाईट वाटले. ‘फक्त वायफायवर उतरवा’ हे डिफॉल्ट आहे. आमच्या गावात वायफाय असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. म्हणजे ज्याने ॲप घेतले त्याने ‘नकाशा उतरवा’ दाबले, पडद्यावर ‘प्रतीक्षेत’ असे आले, आणि ते महिनोन्‌महिने प्रतीक्षेतच राहिले. ॲप बिघडले आहे असे समजून लोकांनी ते काढून टाकले असणार, आणि तसे कोणी येऊन आपल्याला सांगत नाही.

मोबाइल डेटावर उतरवणे सुरू केले, पण त्यासोबत तीन गोष्टी बदलाव्या लागल्या. उतरवण्याआधी नकाशा किती एमबीचा आहे ते ठळक दिसले पाहिजे, कारण रोजच्या कोट्यातला डेटा लोक जपून वापरतात. मारुतीच्या पारावर रेंज असते आणि घरात नसते, तेव्हा उतरवणे मध्येच तुटले तर जिथे तुटले तिथूनच पुढे सुरू झाले पाहिजे; आतापर्यंत ते पुन्हा शून्यापासून सुरू होत होते. तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण राज्याऐवजी जिल्ह्याचा तुकडा.

तुकड्यांत मात्र एक अडचण निघाली, आणि ती निघाली हे बरे झाले. वर्धा नदी ही अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे, आणि त्याआधी ती वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यामधली हद्द होती. कागदावरची ही हद्द इथल्या लोकांच्या येण्याजाण्यात मात्र कधीच आड आली नाही. कुऱ्ह्याच्या कितीतरी मुली आर्वीकडे दिल्या आहेत आणि तिकडच्या इकडे आल्या आहेत. फक्त अमरावती जिल्ह्याचा तुकडा घेतला, तर ॲपच्या दृष्टीने कौंडण्यपूरच्या घाटावर जग संपते आणि आर्वीला जाणारा रस्ता सापडत नाही. म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या तुकड्याला हद्दीपलीकडची २५ किलोमीटरची पट्टी जोडली. फाइल थोडी वाढली, पण माहेरचा रस्ता त्यात आला.

२ जून, सोमवार

शोध. जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे आणि अचलपूरच्या बाजूला धामणगाव गढीही आहे. ‘धामणगाव’ एवढेच लिहिले तर आमचा शोध वर्णानुक्रमाने गढी आधी दाखवत होता. रेल्वेच्या धामणगावला पाच-दहा किलोमीटरवर असलेल्या माणसाला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे गाव आधी दाखवणे चूक आहे. आता क्रम अंतराने लागेल, आणि प्रत्येक नावाखाली तालुका लिहिलेला असेल. बुद्रुक आणि खुर्द यांची ‘बु.’ आणि ‘खु.’ ही रूपेही एकमेकांशी जुळवली. कौंडण्यपूर आणि कौंडिण्यपूर ही दोन्ही रूपे लिहिली जातात, तीही जुळवली.

३ जून, मंगळवार

काल सगळे जुळवले असे वाटले होते, पण ‘कुऱ्हा’ काही केल्या सापडेना. माझ्या फोनवर सापडे, शेजारच्या आशाताईंच्या फोनवर ‘काही आढळले नाही’. दोन्ही पडद्यांवर अक्षरे अगदी एकसारखी दिसत होती. शेवटी दोन्ही शब्दांतली एकेक खूण सुटी करून पाहिली. मराठीतला हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे नुक्त्याचे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे जोडणीची एक अदृश्य खूण असते. काही कीबोर्ड पहिला प्रकार लिहितात, काही दुसरा. डोळ्याला फरक नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत मजकूर एकरूप करण्याची जी नेहमीची रीत आहे, तिनेही ते एक होत नाहीत.

वऱ्हाड, पऱ्हाटी (कपाशीची झाडे), कुऱ्हा, सगळीकडे हाच र आहे. ज्या प्रदेशाच्या नावातच हे अक्षर आहे त्या प्रदेशासाठी केलेल्या ॲपला ते ओळखता येऊ नये, याचे मला खरोखर दुःख झाले. ‘ॲ’चीही तीच कथा आहे, तो एका अक्षरानेही लिहिता येतो आणि ‘अ’ला वेगळी मात्रा जोडूनही. शोधापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच रूपात आणण्याचे काम आज संध्याकाळपर्यंत पूर्ण केले आणि सहा फोनांवर, चार कीबोर्डांनी तपासले.

११ जून, बुधवार

स्थान. ॲप सुरू केल्यावर २० सेकंदांत स्थान मिळाले नाही तर ‘स्थान उपलब्ध नाही’ असे सांगून ॲप थांबत असे. जिथे इंटरनेट असते तिथे फोन उपग्रहांची माहिती नेटवरून आधीच मिळवतो आणि काही सेकंदांत स्थान लागते. जिथे नेट नाही तिथे ती माहिती उपग्रहाच्याच संदेशातून ऐकावी लागते, आणि जीपीएसचा प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी एकदा सांगून पूर्ण करतो. म्हणजे २० सेकंदांची मर्यादा वावरात उभ्या असलेल्या माणसाला स्थान मिळूच देत नव्हती. मर्यादा दोन मिनिटे केली आणि थांबण्याच्या काळात ‘झाडाखालून बाहेर, मोकळ्यावर या’ असा मजकूर दिला.

याच पडद्यावर आणखी एक गोष्ट. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून परवानगी देताना ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात. अंदाजे निवडले तर फोन ॲपला सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या आतले कुठलेतरी स्थान सांगतो आणि बाण या गावातून त्या गावात उड्या मारतो. निवड लोकांची आहे आणि ती त्यांचीच राहिली पाहिजे. आम्ही फक्त परवानगी मागण्याआधी दोन ओळींत लिहिले की वळणे सांगण्यासाठी अचूक स्थान लागते आणि ते फोनच्या बाहेर जात नाही.

होकायंत्राची सेटिंगही बदलली. कित्येक स्वस्त फोनांत होकायंत्राचा संवेदक नसतो, त्यामुळे नकाशा आता गाडी चालू असताना जाण्याच्या दिशेने फिरेल आणि थांबल्यावर स्थिर राहील.

२७ जून, शुक्रवार

आजच्यासारखा दिवस आमच्या कामात आजवर एकही गेला नव्हता, म्हणून नोंद लांबली तरी चालेल.

दूध गोळा करणारे काका गेल्या महिन्यापासून आमचे ॲप वापरतात. त्यांच्या फेरीत एक नवे गाव आले होते आणि पहाटे मी त्यांच्या मागे, हातात फोन धरून बसले होते. रात्रभर पाऊस झाला होता. ॲपने डांबरी रस्ता सोडून पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, नेले, कारण तीन किलोमीटर वाचत होते. काकांनी फाट्यावर गाडी थांबवून एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मी ‘ॲप म्हणतंय’ असे म्हणाले. त्यांनी काही न बोलता गाडी आत घातली.

साधारण दोनशे मीटरवर मागचे चाक फिरायचे थांबले. काळ्या कापसाच्या मातीचा गुणच तो आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात तीच आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली माती टायरला लागत गेली, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये थापली गेली आणि शेवटी गाडी जणू सिमेंटात बसवल्यासारखी झाली. दुधाच्या दोन कॅन ट्यूबच्या पट्टीने बांधलेल्या, एक बाजू कललेली. काकांनी धुऱ्यावर रचून ठेवलेल्या जुन्या पऱ्हाटीतली एक जाड काडी ओढली आणि मडगार्डच्या आतून माती कोरायला लागले. गोवरीएवढे फाळके खाली पडत होते. चाक मोकळे झाले की दहा पावले गाडी जाई आणि पुन्हा तेच. मी मागून ढकलत होते. माझी एक चप्पल चिखलात राहिली, ती परतताना हात घालून काढली.

संकलनाची वेळ टळली होती. केंद्र बंद झालेले पाहून काकांनी कॅन घरी नेल्या आणि त्या दिवसाचे दूध विरजणाला गेले. मला ते फक्त एवढे म्हणाले, “पोरी, या मोबाइलमधल्या बाईले काय मालूम, रात्री पानी किती पडलं ते.” त्यांना मालूम होते. त्यांनी ॲपवर विश्वास ठेवला तो माझ्यामुळे. त्या दुधाची किंमत मी त्यांना देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

३० जून, सोमवार

दोन दिवस फक्त पांदणीचा विचार केला. ॲप प्रत्येक रस्त्याला एक वेग मानते आणि सर्वांत कमी वेळेचा मार्ग काढते. ओपनस्ट्रीटमॅपवर शेतरस्त्यांसाठी ‘ट्रॅक’ हा प्रकार आहे आणि त्याच्या पाच प्रती, म्हणजे दर्जे, आहेत. पहिली टणक, पाचवी पूर्ण मऊ मातीची. आमच्या भागातल्या बहुतेक पांदणींना प्रत लिहिलेलीच नाही, आणि न लिहिलेल्या ट्रॅकला मूळ संहितेने ताशी २० किलोमीटर मानले आहे. मे महिन्यात ते खरे आहे. पांदण तेव्हा दगडासारखी असते, बैलबंडीच्या चाकोरीतून दुचाकी सहज जाते. जुलैत तीच पांदण रस्ता राहत नाही. एकाच रेघेवर वर्षात दोन वेगळे रस्ते असतात आणि आमच्या नकाशाला ऋतू ठाऊक नाही.

अमरावतीच्या सहकाऱ्याचे मत होते की पावसाळ्यात ट्रॅक सरळ बंद करावेत. ते मला पटले नाही, कारण कित्येकांना जायचेच असते पांदणीवरच्या वावरात किंवा वस्तीवर. त्यांना ‘मार्ग सापडला नाही’ असे उत्तर देणे म्हणजे त्यांचे घर नकाशावरून पुसण्यासारखे आहे. बराच वेळ बोलल्यावर असे ठरले : १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात प्रत न लिहिलेल्या ट्रॅकचा वेग ताशी ३ किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याइतका मानायचा. मग एक किलोमीटर पांदण वीस मिनिटांची होते, आणि तेवढ्या वेळात ३० च्या वेगाने दहा किलोमीटरचा डांबरी वळसा पूर्ण होतो. म्हणजे ॲप आपण होऊन वळसा निवडेल, पण दुसरा रस्ताच नसेल तर पांदणही दाखवेल. मुक्काम पांदणीवर असेल तर शेवटचा तुकडा ‘येथून पुढे कच्चा रस्ता’ असे सांगून वेगळ्या रंगात काढायचा.

एक गोष्ट मी आग्रहाने धरली. तारखेनुसार बदलणारे डिफॉल्ट गुपचूप बदलता कामा नये. मे महिन्यात सरळ नेणारे ॲप जूनमध्ये लांबून नेऊ लागले, तर वापरणाऱ्याला ते बिघडल्यासारखेच वाटेल. म्हणून मार्गाच्या वर एक ओळ येईल, ‘पावसाळा आहे, पांदण टाळली’, आणि तिच्या शेजारी ‘पांदणीनेच जायचे आहे’ हे बटण. ज्याला आपल्या शिवारातली माती माहीत आहे, त्याचा शब्द आमच्या तारखेपेक्षा मोठा.

सगळ्या पांदणी कच्च्या नाहीत, हेही खरे. राज्य शासनाच्या २०२१ मधल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेतून आणि इतरही कामांतून काहींचे खडीकरण झाले आहे. ज्या आम्ही स्वतः पाहिल्या त्यांची खडीची नोंद नकाशात करायला आजपासून सुरुवात केली. नोंद झालेल्या पांदणीला वरचा नियम लागणार नाही.

४ जुलै, शुक्रवार

नवी डिफॉल्ट जुन्या वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. कारण शोधले तेव्हा कळले की ॲप पहिल्यांदा उघडताना सगळ्या ४३ सेटिंगच्या किमती, म्हणजे त्या वेळी लागू असलेल्या निवडी, फोनमध्ये लिहून टाकते. त्यामुळे ‘कार’ ही काकांनी निवडलेली आहे की आम्ही लिहिलेली, हे नंतर ओळखता येत नाही. आता माणसाने स्वतः हात लावला तरच किंमत लिहिली जाईल. बाकी सगळे ‘न निवडलेले’ राहील आणि त्या जागी चालू डिफॉल्ट वाचले जाईल. जुन्या फोनांसाठी एवढेच करता आले की किंमत मूळ डिफॉल्टशी तंतोतंत जुळत असेल तर ती न निवडलेली धरायची, आणि अद्ययावत झाल्यावर एकदा सांगायचे की वाहन आता दुचाकी आहे, कार हवी असेल तर इथे दाबा.

१६ जुलै, बुधवार

आशाताईंनी वस्तीवरच्या एका घराचे स्थान गाडीच्या चालकाला पाठवले आणि त्याच्या फोनवर ते उघडले नाही. गरोदर बाईला न्यायचे होते. ताईंनी मग फोनवर बोलून रस्ता सांगितला, गाडी पोहोचली, सगळे नीट झाले. पण ज्या क्षणी ॲप लागते नेमके त्याच क्षणी ते उपयोगी पडले नाही, आणि दोष पूर्णपणे आमचा होता.

पाठवलेला दुवा पाहिला, तर त्यातले अक्षांश-रेखांश देवनागरी अंकांत होते. अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी असली की आकड्यांचे रूपही आपोआप देवनागरी होते. हिंदीत तसे होत नाही, म्हणून हिंदीवर तपासताना आम्हाला हे कधी दिसले नाही. पडद्यावर वाचायला ‘२१’ उत्तम, परंतु दुव्यात तो इंग्रजी अंकांतच हवा, नाहीतर समोरचे ॲप बहुधा तो वाचू शकत नाही. १४ मे रोजी आम्ही भाषेचे डिफॉल्ट सुधारले, त्यामुळेच हा दोष अधिक लोकांपर्यंत गेला, हे इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. यंत्राने वाचायचे आकडे आता कोणत्याही भाषेत एकाच रूपात लिहिले जातील.

त्याच बैठकीत ‘स्थान पाठवा’चे डिफॉल्टही बदलले. पूर्वी नेटवर उघडणारा दुवा जायचा. आता साधा एसएमएस जाईल, ज्यात सर्वांत जवळच्या गावाचे नाव, तिथून अंतर आणि दिशा शब्दांत, आणि खाली आकडे असतील. रेंजची एकच काडी असली तरी एसएमएस बहुधा पोहोचतो, आणि फोन साधा असला तरी ‘कुऱ्ह्यापासून ४ किलोमीटर, उगवतीकडे’ हे वाचता येते. टपाल विभागाने या वर्षी आणलेला डिजिपिन, म्हणजे जागेचा दहा अक्षरांचा संकेतांक, हाही जोडता येईल, पण तो चालकांच्या ओळखीचा होईपर्यंत डिफॉल्ट करणार नाही.

२५ जुलै, शुक्रवार

फोन कुठे असतो? शर्टाच्या खिशात. हँडलला फोन लावण्याचा स्टँड मी आठवडाभरात एकाच गाडीवर पाहिला, आणि पावसात तोही रिकामा होता. तरी आमचे डिफॉल्ट पडदा सतत चालू ठेवण्याचे आहे. खिशात पडदा तापतो, बॅटरी दुपारपर्यंत उतरते आणि कापड घासून बटणे दाबली जातात. आता दुचाकी निवडलेली असताना पडदा बंद राहील, सूचना फक्त आवाजातून मिळेल, पूर्ण आवाजात आणि दोनदा. वाक्यही बदलले. ‘३०० मीटरनंतर डावीकडे वळा’ याऐवजी नकाशात जवळ शाळा, देऊळ किंवा पूल असेल तर ‘शाळेच्या पुढे, डाव्या हाताला’. चालत्या गाडीवर मीटर कोणी मोजत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

रपट्यांचे, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलांचे, काम उरले होते. नाल्यावरचे कितीतरी रस्ते अजून रपट्यावरून जातात, आणि वर पाऊस झाला की पाणी रपट्यावर चढते. पाणी किती आहे हे ॲपला कळू शकत नाही. म्हणून ‘रपटा सुरक्षित आहे’ असा अर्थ निघेल असा एकही शब्द ॲपच्या तोंडी असता कामा नये, हे पहिले ठरवले. पावसाळ्यात रपट्याला थोडा अधिक वेळ मानून, दुसरा मार्ग फार लांब नसेल तर तोच आधी द्यायचा.

नंतर सूचना केव्हा द्यायची यावर बराच वेळ गेला. मूळ संहितेत रपट्याच्या १०० मीटर आधी इशारा मिळतो. तिथे पोहोचलेला माणूस मागे फिरत नाही. पाणी डोळ्यांसमोर असते, पलीकडे गाव दिसत असते, मागून दुसरी गाडी आलेली असते, आणि तो ‘निघून जाईल’ असे म्हणून गाडी घालतो. इशारा हवा तो फाट्यावर, जिथून अजून दुसरा रस्ता धरता येतो. म्हणून ॲप आता रपट्यापासून मागे मोजत जाऊन दुसरा मार्ग जिथून फुटतो ती शेवटची जागा शोधते आणि त्या जागेच्या ३०० मीटर आधी बोलते : ‘पुढे नाल्यावर रपटा आहे. पाणी असेल तर फाट्यावरून उजव्या हाताने जा.’ रपट्याजवळचा इशाराही ठेवला आहे, पण तो दुसरा.

२० ऑगस्ट, बुधवार

परवा पोळा आहे, त्यामुळे बाजारात झुली आणि घुंगरांची गर्दी आणि रस्त्यावर बैलजोड्या. काकांच्या मागे बसून फाट्याची सूचना चार रपट्यांवर तपासली. तीन ठिकाणी ती वेळेवर आली. चौथ्या ठिकाणी फाटा वळणापलीकडे लपलेला आहे आणि आवाज संपून गाडी आवरेपर्यंत आम्ही तो ओलांडला होता, कारण वाक्य दोनदा बोलून व्हायलाच बारा-तेरा सेकंद लागतात आणि काका पन्नासच्या वेगाने चालवत होते. तेवढ्या वेळात गाडी पावणेदोनशे मीटर जाते आणि पुढे वेग आवरायला जागा उरत नाही. अंतर ठरावीक न ठेवता वेगावरून काढायचे, किमान ३०० आणि पन्नासच्या वर ५००, असे घरी येऊन केले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

ॲपची नवी आवृत्ती आज सकाळी दिली. काकांचा फोन पारावर नेऊन मीच अद्ययावत केला. वाहन दुचाकी, भाषा मराठी, पांदण टाळलेली, पडदा बंद. त्यांनी एकाही बटणाला हात लावला नाही. आर्वीच्या बाजूचे दोन रपटे नकाशात अजून नुसते रस्ते म्हणून नोंदलेले आहेत, असे सहकारिणीने दुपारी कळवले. उद्या पहाटे काकांची फेरी आटोपली की आम्ही दोघी नदीपलीकडे जाऊन त्यांची नोंद करून येऊ.